सकाळचं पहिलं पाणी

लेकीच्या नव्या घरातली तांब्याची नळजोडणी बाबांनी स्वतःच्या हातानं केली होती. आयुष्यभर फिटर म्हणून लोकांच्या घरात पाइप बसवलेला माणूस, लेकीच्या घरात दुसऱ्याला पान्याला हात कसा लावू देणार? आल्यागेल्याला चहाच्या आधी सिंकखालचे सांधे दाखवले जात. पाहुणेही बिचारे वाकून बघत आणि "वा, वा" म्हणत.

जावई नोकरीपायी परगावी, त्यामुळे घरात बाबा, लेक आणि तान्ही नात. ही नात रोज सकाळी दूध ओकायची. दिवसभर ठीक, पण सकाळची बाटली पोटात गेली की सगळं बाहेर. वजन वाढायचं नाव घेईना. डॉक्टरांनी दुधाची पावडर बदलून पाहिली आणि शेवटी, नळाला विहिरीचं पाणी येतं हे कळल्यावर, ते तपासून घ्या म्हणाले.

बाबांना ते झोंबलंच. "माझ्या नळाच्या पाण्यात काय असणार?"

प्रयोगशाळेची बाटली त्यांनीच भरली. हाडाचा फिटर, त्यामुळे सवयीनं आधी नळ धो धो सोडला, पाणी गार लागेपर्यंत हात धरला आणि मगच बाटली लावली. पाणी उत्तम निघालं.

"पाण्यात काही नाही म्हटल्यावर तुझ्या बाटल्याच नीट धुतल्या जात नसणार," ते लेकीला म्हणाले. "सारखी घाईत असतेस."

त्या दिवसापासून तिनं बाटल्या घासून घासून हात सोलवटून घेतले. दुधासाठीचं पाणी आधीच्या दुप्पट वेळ उकळू लागली. नात ओकतच राहिली. एकदा बाबांच्या कानावर पडलं, ती बाळाला छातीशी धरून म्हणत होती, "तुला दुसरी आई मिळायला हवी होती गं." शिकेल हळूहळू, असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. माणूस वाईट नव्हता हो, फक्त स्वतःच्या कामावर त्याचा जरा जास्तच विश्वास होता.

एका सकाळी लेक थकून झोपून राहिली होती. बाबांनी गोळी घ्यायला नळाखाली पेला धरला आणि घोट घेतला. तोंडात नाणं धरल्यासारखी कडवट चव. पोटात ढवळून आलं. त्यांनी नळ थोडा वेळ सोडून ठेवला आणि पुन्हा चाखून पाहिलं. आता पाणी चक्क गोड.

रात्रभर पाइपात साचलेलं पाणी! बाळ रडत उठलं की लेक हेच पहिलं पाणी भांड्यात घ्यायची.

या वेळी नळ न सोडता भरलेली बाटली घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. तपासणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "तांबं मर्यादेच्या कितीतरी वर आहे. तुमच्या विहिरीचं पाणी जरा आम्लधर्मी आहे, ते नवे पाइप खातंय. मागच्या वेळी पाणी सोडून भरलं होतंत का?"

"सोडूनच भरतात ना, बाई." बाबांचा आवाज खोल गेला. "आणि उकळल्यावर?"

"उकळून तांबं जात नाही. पाणी आटतं, तांबं तेवढंच राहतं."

घरी आले तेव्हा लेक ओट्याशी बाटल्या घासत होती.

"ठेव त्या," बाबा म्हणाले. "बाटल्यांत कधीच काही नव्हतं. पाण्यात तांबं उतरतंय, मी बसवलेल्या पाइपांचं. बाळासाठी बाहेरून पाणी आणलंय. पाइप सगळे उपटून टाकतो."

आता ही आपल्याला फाडून खाणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. लेकीनं ओले हात पुसलेसुद्धा नाहीत.

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही गं पोरी. माझं चुकलं."

ती तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडू लागली. बाबाही गुडघ्यांवर हात टेकत तिच्या शेजारी बसले.

"बाबा," ती म्हणाली, "परत एकदा सांगा."