पंधराव्या दिवशीचा तळहात

बॅटरीला नारिंगी शेपूट असतं. चिकट कागदाचं. ते सोलून मिनिटभर थांबायचं, मगच बॅटरी मशीनच्या पोटात बसवायची. हवा लागल्याशिवाय ती जागी होत नाही.

पाणी उकळायच्या आधी जास्त ओरडतं. उकळायला लागलं की गप्प होत जातं. हे लोकांना माहीत असेल.

एकाच माणसाच्या दोन चपलांचा आवाज सारखा नसतो.

वर्तमानपत्राचं पान उलटणं — एवढं मोठ्यांदा?

बायको ओठ मिटून बोलते.

परत करायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

तो मशीन कानामागे अडकवतो, नळी सरळ करतो, आणि खोली आत शिरते. पंधरा दिवसांत सवय झालेली नाही, पण दचकणं संपलंय. मशीनसाठीच्या यादीत नाव आठ वर्षं होतं. कान तपासायच्या केंद्रातल्या बाईंनी लेकीला सांगितलं आणि लेकीने हातांनी त्याला : पंधरा दिवस वापरून बघा, ठेवायचं असेल तर सही, नसेल तर परत, आणि परत केलं की नाव पुन्हा यादीच्या शेवटी. म्हणजे आणखी आठ वर्षं, म्हणजे तेव्हा एकसष्ट. बायकोचं नाव लावलंच नव्हतं. तिच्या तपासणीच्या कागदावरची रेष पार तळाशी जाऊन पडली होती, तिथे कुठलंच मशीन पोचत नाही.

शब्द त्याला कळत नाहीत. ते कळणार नाहीत हेही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लहानपणापासून जे कधी ऐकलंच नाही त्याचे शब्द होत नाहीत, नुसता गोंगाट होतो. पण हाक कळेल, मागून येणारी गाडी कळेल, दारावरची थाप कळेल. एकटं राहता येईल — लेक म्हणाली, आणि ‘एकटं’ करताना तिचं बोट हवेत जरा अडखळलं.

नोकरीचं पत्र तिच्या पिशवीत आहे. एका दिवसात जाऊन येता येणार नाही इतकं लांबचं गाव. एक तारखेला हजर व्हायचंय. मशीन ठेवलंत तर मी जाईन, असं ती म्हणालेली नाही. ती पाच वर्षांची असल्यापासून आईबाबांच्या वतीने बोलते — डॉक्टरांशी, घरमालकाशी, गॅसवाल्याशी. एकदा शाळेच्या बाईंनी तिचीच तक्रार सांगायला दोघांना बोलावलं, तर ती तक्रारसुद्धा तिनेच त्यांना हातांनी सांगितली, खाली मान घालून, एकही शब्द न गाळता. निदान त्याला तसं वाटतं. बाई मात्र बराच वेळ बोलत होत्या.

चहाचा कप. बायको समोर उभी.

तिसऱ्या दिवशी... तो खिडकीपाशी पाठमोरा बसला होता आणि मागे काहीतरी ओढल्यासारखा आवाज झाला, जड कपाट फरशीवरून सरकवावं तसा, घशातून. तो वळला. बायकोच होती. त्याच्या खांद्याला हात लावायला ती निघाली होती, हात अजून वाटेतच होता. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत हात लागायच्या आधी तो कधी वळला नव्हता. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं... तोंडावर काय होतं कोण जाणे. माणूस आपलं तोंड आवरू शकतो, पण आधी कळवलं तर.

मी आवाज केला? तिने विचारलं.

हो.

कसा आहे?

चांगला आहे.

तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग हसली, आणि हसताना ओठ मिटून घेतले. तेव्हापासून मिटलेलेच आहेत. आधी ती सगळ्या तोंडाने बोलायची, गाल फुगवून, जीभ काढून, शेजारणीची नक्कल तर निम्मी ओठांनीच. आता फक्त हात. बरोबर, स्वच्छ, परक्या माणसाशी बोलावं तसे.

आज काय ठरवलंस? तिने विचारलं.

बघू.

बघू काय? पोरीला जाऊ दे. माझं काय, मला तर ऐकूच येत नाही. आणि ती स्वतःच्या विनोदावर हसली. ओठ मिटून.

कारखान्यात चाचणीच्या खोलीत बाकावर पंपाच्या मोटरी ओळीने असतात. एकेक सुरू करायची, तळहात ठेवायचा. बेअरिंग चांगलं असेल तर हाताखाली तेल वाहिल्यासारखं वाटतं, वाईट असेल तर कुठेतरी एक कण लागतो, भातात खडा लागावा तसा. मग तांबडा खडू, नाहीतर हिरवा. शेजारच्या बाकावर पैलवान — सव्वीस वर्षांपूर्वी तो खरोखर अंगाने तसा होता, आता फक्त पोट राहिलंय. पैलवान स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावतो. शंका आली की मोटर इकडे सरकवतो. हात काय म्हणतो? हे त्यांचं ठरलेलं वाक्य, अर्धं ओठांनी, अर्धं बोटांनी. शेवटचा निकाल हाताचा.

अकरा वाजता त्याने एक मोटर सुरू केली आणि तिचा आवाज... म्हणजे मोटरीला आवाज असतो हे कळून पंधरा दिवस झाले होते, पण हा भरलेला होता, गोल, एकसारखा, कुणीतरी तोंड बंद करून खूप वेळ समाधानाने काहीतरी म्हणत राहावं तसा — आणि तो ऐकत राहिला. तळहात मोटरीवर होता. तो मात्र तळहातात नव्हता. हिरवा खडू. पुढची.

थोड्या वेळाने पैलवानाने तीच मोटर परत आणून ठेवली. आधी दाराकडे, सुपरवायझर कुठे आहे ते बघून घेतलं.

‘‘जावईबापू,’’ पैलवानाचे ओठ सावकाश हलले. मशीन आल्यापासून त्याने हे नाव ठेवलंय, कारण तेव्हापासून हा रोज भांग पाडून येतो. ‘‘लक्ष कुठंय? बेअरिंग गेलंय हिचं. माझ्या कानाला कळलं म्हणजे आंधळ्यालाही कळेल.’’

त्याने मान हलवली.

‘‘होतं असं. मी नाही सांगत कुणाला.’’ आणि पैलवानाने स्वतःच्या अंगठ्याने हिरवी खूण पुसली. चांगली घासून.

सव्वीस वर्षांत पहिली चूक. त्याने मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं. शांतता लगेच आली, जुनी, अंगावरच्या सदऱ्यासारखी. त्याने मोटर पुन्हा सुरू केली आणि तळहात ठेवला. काही नाही. थरथर होती, पण ती नुसती थरथर होती, तिच्यातलं काही निवडता येईना. हात वाट बघत होता. कुणीतरी आधी सांगेल, मग आपण सांगू, असा. डोळे मिटले, बोटं पसरली, शेवटी कण लागला — पण लागला की आठवला? पैलवानाने सांगितलं होतं म्हणून सापडला? हे परत कसं करायचं? मशीन परत करता येतं. त्यासाठी फॉर्म आहे.

साडेचार. केंद्रातली खोली, भिंतीवर कापलेल्या कानाचं रंगीत चित्र, आत गोगलगायीसारखं वेटोळं. मशीन पुन्हा कानात, कारण बाईंना तपासायचं होतं. लेक मधल्या खुर्चीत, तिची नेहमीची जागा, दोन्हीकडे सारखी वळता येईल अशी.

बाई बोलल्या. लेक हातांनी म्हणाली : कसं वाटलं, विचारतायत.

काय सांगू? मशीन चांगलं आहे, सांग. हात बिघडला, ते नको सांगू.

हात? काय झालं हाताला?

काही नाही.

लेक वळली आणि बाईंशी बोलू लागली.

आणि त्याला ऐकू आलं. घरी ती आवाज करत नाही, घरात कुणासाठी करणार? हा आवाज बाहेरचा होता. खालच्या पट्टीतला, सपाट, घाईत नसलेला, कितीतरी मोठ्या बाईचा वाटावा असा. शब्द नव्हते, पण उतार होते, आणि एका जागी ती थांबली, श्वास घेतला, तोही ऐकू आला. अठरा वर्षं ती हा आवाज घेऊन त्याच्या शेजारी बसत होती. डॉक्टरांना, घरमालकाला, गॅसवाल्याला तो माहीत होता. आता ती दोन्ही करत होती, तोंडाने बाईंशी आणि हातांनी त्याच्याशी, पुढ्यात फॉर्म सरकवत, इथे सही केली तर ठेवायचं, इथे केली तर परत... हात त्याला दिसत होते. तो बघत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हातांनी बोलत असताना त्याने नजर दुसरीकडे, भिंतीकडे वळवली होती आणि नुसता ऐकत बसला होता, न कळणारं, सगळंच्या सगळं.

लेकीने त्याच्या मनगटावर दोन बोटं आपटली.

बाबा. इकडे बघा ना.

त्याने पाहिलं. तिचे हात थांबलेले होते, फॉर्मच्या दोन्ही बाजूंना, उत्तराची वाट बघत. पेनचं टोपण निघालेलं होतं. ते कुणी काढलं हे त्याला आठवेना. तिने पुन्हा बोलायला सुरुवात करावी असं वाटत होतं, बाईंशी, काहीही... आणि त्याच वेळी, तोंड बंद कर आणि फक्त माझ्याशी बोल, असंही.

दहा महिन्यांची असताना लेकीने पहिला शब्द हातांनी म्हटला होता. छताकडे बघत मूठ उघडली आणि मिटली : दिवा.