मष्णू आप्पांचा तडा

येळ्ळूरचे मष्णू आप्पा बेळगावात उद्यमबागच्या एका फौंड्रीत ओतकाम करतात. यात मी काही वाढवून सांगत नाही, गरजच पडली नाही. तरुणपणी टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यावर ते माकड पळवायचे. माकड शेवटच्या पुलावर पोचलं आणि डबा जळाला. तेव्हापासून आप्पांचा जीव त्या पुलावर अडकलेला. म्हणून वडगावच्या यंत्रमागवाल्यांचा रविराज त्यांच्या रचनाला मागणी घालायला आला, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. म्हणाले, "त्यो पूल वलांडून दे, मग पोरगी माग."

रविराज कंप्युटरवाला. त्यानं लॅपटॉप आप्पांच्या टीव्हीला जोडला आणि त्याला जुन्या डब्याचं सोंग घ्यायला लावलं. माकड धावलं. पण डब्यात दोन गडी असायचे. एक हिशेब करायचा, दुसरा वरून खाली ओळ-ओळ चित्र काढायचा, आणि दोघं एका चालीनं चालायचे. इथं हिशेबवाला पुढं पळायला लागला. चित्रवाला डोकं काढून कमरेपर्यंत येतोय, तोवर माकड हललेलं. डोकं पुलावर, कंबर नदीवर. असं माकड पूल ओलांडत नाही.

रविराजनं सदलग्याच्या भरमाला, आपल्या कन्नड दोस्ताला, विचारलं. त्याचा आवाजी निरोप नेमका आप्पांसमोर वाजला, "चित्र तड आगतैती." म्हणजे चित्राला उशीर होतोय, एवढंच. आप्पांना कन्नड उत्तम येतं, पण सीमाप्रश्न सुटेपर्यंत ते कळून घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय.

"तडा व्हय?" आप्पा म्हणाले. "मग आधी बोलायचं न्हाय रं?"

रविराजनं अर्थ सांगायला तोंड उघडलं, पण रचनानं डोळे वटारले. होणाऱ्या सासऱ्याला कन्नड शिकवून येळ्ळुरातून बायको नेलेला जावई अजून कुणी बघितला नव्हता.

आप्पांनी हातोडीनं टीव्ही वाजवला. खणखणीत. लॅपटॉप वाजवला. बद्द. ओतलेली वस्तू घाईनं गार झाली की तडकते, ती गरम रेतीत ठेवून सावकाश निववायची, असं सांगून त्यांनी फौंड्रीतली गरम रेती पाटीभर आणली आणि लॅपटॉप गळ्यापर्यंत पुरला.

लॅपटॉप तापला. हिशेबवाला दमला, पाय ओढत चालू लागला आणि बरोब्बर चित्रवाल्याच्या चालीला आला. माकड सलग झालं. आप्पांनी पूल ओलांडला.

पलीकडं पहिलंच जंगल पुन्हा सुरू झालं.

आप्पांनी माकड पुन्हा पळवायला घेतलं. रचना म्हणाली, "आप्पा, पूल वलांडलासा. आता शब्द पाळा."

"न्हाय कोण म्हणतंय? पोरगी न्हे म्हणावं. यंत्राला हात लावायचा न्हाय."

लग्न झालं. आहेर तेवढा उलटा झाला. मुलाकडून मुलीच्या बापाला एक लॅपटॉप, रेतीसकट.