अकराला सर्व्हर कोण पाडतं?

सर्व्हर एक आणि त्याच्यावर संसार तीन. लातूरच्या गुरुलिंगअप्पांच्या छोट्याशा कंपनीनं जावात लिहिलेली तीन ॲप त्या सर्व्हरवरच्या एकाच टॉमकॅटवर, म्हणजे ॲप चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, बसवली होती. एक क्लासवाल्यांच्या निकालांचं, एक लग्नाच्या स्थळांचं आणि एक अर्धापूरच्या केळीवाल्यांना ट्रक कधी येणार ते सांगणारं. हे शेवटचं अक्षराचं. ती नांदेडच्या शाखेत बसायची. आता शाखा म्हणजे काय, ती स्वतः, एक टेबल आणि कुरकुरणारा पंखा!

महिना झाला, रोज सकाळी अकराला सर्व्हर बसायचा. तिन्ही ॲप बंद. आणि अकरा वाजून एक मिनिटाला लातूरच्या चहाच्या टपरीवरून वीरेशचा फोन. वीरेश म्हणजे अप्पांचा मुलगा, लग्नाचं ॲप त्याचं.

"पडला बघ, तुझ्या केळीच्या सालीवरून घसरून."

"माझं न्हाई ते, वीरेशदादा."

"मग कोणाचं? तू यायच्या आधी कधी पडत नव्हता."

आता ह्याला काय बोलावं? घरात नवी सून आली अन् दूध नासलं, की दोष सुनेचाच. अप्पा तसे मोजकं बोलणारे, आणि चार वर्षांमागं बायको गेल्यापासून तर तेवढंही नाही. पण ह्या खेपेला बोलले. "शनिवारी लातूरला ये. तोवर कारण घावलं न्हाई, तर केळीचं ॲप उतरवून टाकू."

ॲप उतरलं की शाखा उतरणार, आणि शाखेबरोबर अक्षराही. अर्धापूरच्या बागा पालथ्या घालून, एकेका शेतकऱ्याच्या मोबाइलात तिनं आपल्या हातानं ते ॲप घालून दिलं होतं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कारण लॉगमध्ये असणार हे तिला ठाऊक होतं. सर्व्हर दिवसभर काय करतो ते ज्या फाईलीत उतरतं तो लॉग. पण फाईल एकच आणि लिहिणारी ॲप तीन. त्यात तिन्ही ॲप लिहिणारे नांदेडच्या एकाच सरांचे विद्यार्थी. सरांची शिकवण अशी, की कोडमध्ये जिथं शंका येईल तिथं छापायचं, 'इथपर्यंत आलो'. झालं! फाईल उघडली की हजारो ओळी 'इथपर्यंत आलो'. अरे बाबा, आला कोण? आणि कुठपर्यंत?

उपाय साधा होता. प्रत्येक ॲपच्या फोल्डरात लॉगची आपली आपली सेटिंग ठेवायची, फाईलला आपलं आपलं नाव द्यायचं. शिवाय थेट छापलेल्या ओळीही ज्याच्या त्याच्या फाईलीत जाव्यात म्हणून टॉमकॅटला प्रत्येक ॲपमागं एक जास्तीची ओळ सांगायची. ती राहिली तर सगळं पुन्हा जुन्याच ढिगात. काम अर्ध्या तासाचं, पण पासवर्ड वीरेशकडं. आणि तुमचीच चूक शोधायचीय म्हटलं असतं, तर त्यानं मेला तरी दिला नसता.

मंगळवारी तिनं जीभ मधात बुडवून फोन लावला. "दादा, केळीचा दोष एकदाचा सिद्धच करून टाकू. पण एवढं अवघड काम तुमच्याशिवाय कोणाला जमतंय?"

वीरेश लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढला. ती सांगत गेली, तो टाइप करत गेला. केळी, निकाल, लग्न अशा तीन फाईली झाल्या. वर त्यानं आठवडाभरासाठी पासवर्डही दिला. "तुझं पाप तूच वाच," म्हणाला. अक्षरा तोंडावर ओढणी दाबून हसत राहिली.

बुधवारी अकराला सर्व्हर पडला. केळीच्या फाईलीत चार ओळी, निकालाची गपगार, आणि लग्नाची फुगून ढोल. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. "सापडला की नाही!" म्हणून तिनं टेबलावर थाप मारली आणि फाईल वाचायला घेतली.

कोणीतरी रोज अकराला वधूचं वय, गाव, शिक्षण सगळे रकाने कोरे ठेवून 'शोधा' दाबत होतं. मग चार जिल्ह्यांतल्या हजारो मुली-बाया फोटोसकट एकदम निघायच्या आणि सर्व्हरची मेमरी संपायची. वीरेशनं शंकेपायी शोधणाऱ्याचं नाव-वयही छापून ठेवलं होतं.

नाव गुरुलिंग. वय एकोणसाठ.

अक्षराचं हसू तोंडातच राहिलं. अकराला वीरेश चहाला बाहेर पडतो, अप्पा एकटे असतात. तिला फार वाईट वाटलं. आणि शनिवार तर उद्यावर आलेला.

लातूरला वीरेश मिशीत हसत बसला होता. "दाव फाईली. केळी किती फुगली?"

तिनं दावल्या. लग्नाची सर्वांत मोठी. वीरेशचा चेहरा पडला. अप्पा टेबलाकडं बघू लागले.

"एक गिऱ्हाईक रोज सगळे रकाने कोरे ठेवून शोधतंय," अक्षरा म्हणाली.

"कोण हाय ते?" वीरेश उसळला.

"गिऱ्हाइकाचं नाव लॉगात छापू नये, दादा. नावाच्या ओळी पुसून आलेय मी, आणि छापणंही बंद केलंय. एक तरी अट घाला म्हणावं त्यांना, सर्व्हर पडणार न्हाई. बाकी लई चांगलं दिसतंय गिऱ्हाईक, कुणालाच नको म्हणत न्हाई!"

अप्पांचे कान लालबुंद झाले. खाकरून म्हणाले, "वीरेश, दोष तुझ्या ॲपचा हाय. केळी राहू दे."

कधी नाही ते अप्पा तिला सोडायला दारापर्यंत आले. इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "ह्या वयात अट घालावी तर कोणती, पोरी?"

"मनात हाय ती घाला, अप्पा."

सोमवारी अकराला ती फाईल उघडून बसली. सर्व्हर चालू होता. लग्नाच्या फाईलीत एक शोध उतरला. शोधणाऱ्याचं नाव नव्हतं, वय एकोणसाठ. वधूचं वय कोरं, गाव कोरं, शिक्षण कोरं. इतर अपेक्षा: बोलकी असावी.