टिळ्याची पिल्लं

धायरीच्या गावठाणामागे पत्र्याचा मंडप होता. दर गुरुवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. बाहेर मोटारींची रांग, आत पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा. बद्रीनाथ महाराज पुढ्यात तडकलेल्या अंड्यांची टोपली घेऊन बसत. बाईने एका अंड्यावर हात ठेवायचा आणि पिल्लाची वाट बघायची. काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा टिळा असला तर मुलगा. डोकं कोरं असलं तर मुलगी.

"सोनोग्राफीवाल्याला बंदी आहे, माउली! वरच्याला नाही!" महाराज गरजत. पुरावा आवारातच फिरत असे. टिळ्याच्या पिल्लांचे झाडून सगळे कोंबडेच झाले होते.

कल्याणीच्या अंड्यातून कोरं पिल्लू निघालं. घरी येताच सासू गोदाबाई म्हणाल्या, "म्हाराजांच्या वळखीचा डाक्टर हाय. मोकळी हो."

नवरा संतोष हिंजवडीत दिवसभर प्रोग्राममधल्या चुका शोधायचा. तो खाली बघत म्हणाला, "आईचं ऐक ना. नेक्स्ट टाइम बघू."

बाळ नुकतंच हलायला लागलं होतं. कल्याणीच्या अंगाची लाहीलाही झाली. ती तडक सोसायटीतल्या विजयमालाबाईंकडे गेली आणि अंड्याचा सगळा प्रकार सांगितला. त्या जनावरांच्या डॉक्टर.

"महाराजांचा कोंबडा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"काळा. असील जातीचा, झुंजीचा."

"आणि कोंबड्या पट्टेरी?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तीच तर हरामखोरी आहे," बाई म्हणाल्या. "गुरुवारी मी येते."

गुरुवारी 'पुन्हा एकदा बघते' म्हणून कल्याणी सासू आणि नवऱ्याबरोबर मंडपात गेली. तिने दोन्ही तळवे आख्ख्या टोपलीवर फिरवले.

"अगं, एकच अंडं!" महाराज ओरडले.

"का? बाकीच्यांना माझ्या पोटातलं कळत नाही?"

टोपली मांडीवर घेऊन ती सगळ्यांसमोर बसून राहिली. पिल्लं बाहेर येऊ लागली. काही टिळ्याची, काही कोरी. कुजबुज वाढली.

"जुळं आहे!" महाराज म्हणाले.

"टोपलीभर?" मागून एक बाई म्हणाली आणि मंडप हसला.

विजयमालाबाई उभ्या राहिल्या. "काळा कोंबडा आणि पट्टेरी कोंबडी यांची जोडी लावली, की आईच्या पट्ट्यांचा गुण फक्त नर पिल्लांत उतरतो. टिळा ही त्याची खूण. अंडं घातलं तेव्हाच ते ठरलेलं असतं. जोडी उलटी लावा, कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी काळी, मग माद्यांनाही टिळा येईल. टिळा पिल्लाबद्दल सांगतो. बाईच्या पोटाशी त्याचा काडीचा संबंध नाही."

"दर्शन संपलं!" म्हणत महाराज मागच्या दाराने सटकले.

गोदाबाई गोंधळून म्हणाल्या, "म्हंजी पोरगा हाय का न्हाय?"

कल्याणी उठली. "आई, महाराज खोटा निघाला म्हणून हे बाळ वाचलं. खरा निघाला असता तर? तुम्ही मला कुठे नेणार होता, ते इथे सांगा."

संतोष पुढे झाला, तिने त्याला हातानेच थांबवलं.

"पिल्लाला टिळा का येतो, हे विचारलं की कळतं," ती जमलेल्या सासवांना म्हणाली. "विचारायला लाजू नका. मुलगी आहे म्हणून बाळ मारायला निघालात, त्याची लाज बाळगा."

मग विजयमालाबाईंना घेऊन, महाराजांच्या ओळखीच्या त्या डॉक्टरची तक्रार द्यायला, ती पोलीस चौकीकडे चालू लागली.