मोकळी पाठ

पलीकडे वजनं आदळली की मालिशीच्या खोलीतल्या तेलाच्या बाटल्या किणकिणायच्या. सरावाच्या हॉलला लागूनच ती खोली होती. उंच पलंग, शेकायची पिशवी, आणि मावशी. सगळे खेळाडू तिला मावशीच म्हणायचे. पण सख्ख्या नात्याने मावशी म्हणणारी एकच होती, चिमणी. बहीण गेली तेव्हा मावशीने तिला पदराखाली घेतलं ते कायमचंच. आता ही चिमणी भल्याभल्यांना हलणार नाही असं वजन डोक्यावर धरायची. "चिमणी कसली, क्रेन आहे ती!" असं कुणीतरी म्हणायचं आणि मावशी हळूच म्हणायची, "दृष्ट लावू नका रे."

त्या दिवशी चिमणी आली ती भिंत धरत.

"काय गं?"

"काही नाही, पाठ रुसलीय जरा."

ती पालथी झोपली. मावशीने नेहमीप्रमाणे डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि मग अंगठा टेकवला. थकव्याची गाठ तिच्या ओळखीची होती. ती अंगठ्याखाली सरकते, कुरकुरते, शेवटी विरघळते. ही सरकतच नव्हती. कमरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू असे आवळलेले, जणू आतून कुणी दाराला पाठ लावून उभं आहे.

"पायाला मुंग्या येतात?"

"येतात थोड्या."

"चिमणे, आधी डॉक्टरांना दाखवू या."

"दाखवलं की पडून राहा म्हणतील. उद्या निवड आहे मावशी. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. मग काय, लोकांच्या पिशव्या उचलू?"

दारात सर येऊन उभे राहिले. चिमणीला लहानपणापासून त्यांनीच शिकवलं होतं. "मावशी, तेवढी मोकळी करून द्या. तुमच्या हाताला गुण आहे."

मावशीला कळत होतं. पण पोरीचे ओले डोळे समोर होते, आणि हाताच्या गुणाचं कौतुक कानाला गोड लागलं, हेही खरंच. तिने शेक दिला, तेल जिरवलं. अंगठ्याने जमेना तेव्हा कोपर लावलं. चिमणीने उशी दातांत धरली. बराच वेळ गेला आणि एकाएकी आतलं ते दाराशी उभं असलेलं कुणीतरी बाजूला झालं.

चिमणी उठली, वाकली, पायांना हात लावला. मग तिने मावशीलाच उचललं.

"अगं मेले, ठेव खाली! माझी हाडं विसर्जन करायचीत का?"

सर पोट धरून हसले. मावशीने देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मावशी पहिल्या रांगेत बसली होती. पहिलं वजन चिमणीने फूल खुडावं तसं उचललं. दुसऱ्याला बार गुडघ्यांच्या वर आला, आणि तिच्या चेहऱ्यावर कळ नाही, आश्चर्य दिसलं. बार सुटला. ती खाली बसली, मग आडवी झाली. मावशी धावत पोचली तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "मावशी, माझा पाय कुठाय गं?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. "मणक्यांमधली गादी आधीच फाटली होती. अशा वेळी शरीर आजूबाजूचे स्नायू ताठ करून स्वतःच पट्टा बांधतं. तो ताठरपणा असता तर हिला वाकताच आलं नसतं. तो सैल कसा पडला? मालीश केली होती का कुणी?"

मावशीने तोंड उघडलं.

"नाही," चिमणी पलंगावरून म्हणाली. "मीच शेकलं."

डॉक्टरीणबाई गेल्यावर मावशीने विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुझं काम गेलं असतं. दोघींतली एक तरी कामाची राहू दे."

ऑपरेशन झालं. कळ गेली, पण नस फार चिरडली होती. डावं पाऊल घोट्यापासून लोंबतच राहिलं. वाट पाहू, असं डॉक्टर म्हणाले. पुढे तेही म्हणेनासे झाले.

मावशी कामावर गेली नाही. सर घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले. "पोरं खोळंबलीत, मावशी." मग खाली बघत म्हणाले, "मोकळी करा, असं मीच म्हटलं होतं."

"तुम्ही नुसतं म्हटलंत, सर. माझ्या हाताला कळलं होतं."

सर उठले. चहा न घेताच ते गेले.

पहाटेची प्रार्थना मावशीने कधी चुकवली नव्हती. आताही ती बसायची. पण देवाजवळ काय मागावं तेच सुचत नसे. पोरीचा पाय मागावा, तर तो आपणच घालवलेला. क्षमा मागावी, तर ती देणारा देव नव्हे, आतल्या खोलीत काठीला धरून उभं राहायला शिकणारी पोर. मग ती नुसतेच हात जोडून बसायची आणि ते हात तिला परक्याचे वाटायचे.

एका दुपारी चिमणीने हाक मारली. "तू मला हातच लावत नाहीस हल्ली."

"भीती वाटते गं."

"आता काय मोडायचं राहिलंय? ये. पाय चेप जरा. तू चेपलास की बरं वाटेल."

मावशी पलंगाच्या टोकाशी बसली. तिने डावं पाऊल मांडीवर घेतलं. उबदार होतं, जड होतं. टाच दाबली, तळव्याच्या मधोमध अंगठे रोवले, एकेक बोट ओढलं. ना गाठ, ना ओढ, ना कुठे नकार. चिमणी छताकडे बघत सरांच्या जुन्या खोड्या सांगत होती, स्वतःच हसत होती. सांगता सांगता थांबली.

"मावशी, नुसती बसलीस का? सुरू कर ना."

मावशीचे दोन्ही अंगठे नखापर्यंत तळव्यात रुतलेले होते.

"हो गं बाई, करते," ती म्हणाली, आणि दाबत राहिली.