खाटेवरचं बटण

शेवंतीचे क्रेट उचलताना साळूबाईचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

घर मखमलाबादच्या मळ्यात. मुलगा महेश ओझरला कामाला आणि सून सुवर्णा शाळेत शिकवायला गेली, की घरात साळूबाई एकटी. नवरा सावळीराम मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, फुलांच्या शेडमध्ये. मोबाइल तो सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि सदरा झाडाला टांगायचा.

म्हणून महेशने बिनवायरची बेल आणली. बटण आईच्या खाटेला चिकटवलं, बेल शेडमधल्या प्लगला लावली. वाजेना. पत्र्याच्या आत रेंज येत नव्हती. मग लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढून बेल खिडकीत आणली, तेव्हा वाजली. सावळीरामने त्यातल्या सगळ्या धुना ऐकल्या आणि कुत्रा भुंकतो ती ठेवली.

"नाना, आईच्या बेलला कुत्रा?" महेश म्हणाला.

"ऐकू येतो," सावळीराम म्हणाला.

एकदा वाजली तर सवडीने यायचं, तीनदा वाजली तर पळत, असं ठरलं. पहिल्याच दिवशी तीनदा वाजली. सावळीराम धापा टाकत घरी आला.

"पंखा एकवर करा," साळूबाई म्हणाली.

पुढे कधी उशी सरकलेली असायची, कधी चिमणी घरात आलेली असायची. शेडमध्ये कुत्रा भुंकला की फुलं निवडणारी गोजराबाई मान न उचलता म्हणायची, "जा भाऊ, वहिनींचं बोलावणं आलं."

एका सकाळी व्यापारी आला असताना बेल तीनदा वाजली.

"काय अर्जंट हाय का?" व्यापाऱ्याने विचारलं.

"नाय. चिमणी असंल."

व्यापारी गेल्यावर सावळीराम रमतगमत घरी आला. शेजारच्या पुंजाची गाय खाटेपाशी उभी होती. भिंतीवरचं कॅलेंडर तिने नोव्हेंबरपर्यंत खाल्लं होतं. आता चादरीचं टोक तोंडात धरून ती ओढत होती, आणि तिची शिंगं ऑपरेशन झालेल्या पायापासून वीतभर अंतरावर होती. साळूबाईने दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली होती.

सावळीरामने गाय बाहेर काढली, दाराला कडी घातली.

"अगं, वाजवत राहायचं ना!"

"तीनदा ठरलं होतं. तीनदाच वाजवली."

तो खाटेच्या कडेला बसला. चादरीचं ओलं टोक तो पुन्हा पुन्हा गादीखाली खोचत राहिला. ते पाहून साळूबाई म्हणाली, "पाणी प्या जरा. तांब्या तिकडं हाय."

त्या दिवसापासून बेल एकदा वाजली तरी सावळीराम पळत यायचा. साठी उलटलेला माणूस बांधावरून पळताना साळूबाईला खिडकीतून दिसायचा. एकदा तो धडपडला, तेही दिसलं. तिने बटण दाबणं सोडून दिलं. उशी सरकली तर सरकली.

दोन दिवस शेडमध्ये कुत्रा भुंकला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सावळीराम दारात येऊन उभा राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काय नाय. वाजली नाय, म्हणून बघायला आलो. सेल संपला का काय."

"सेल हाय. काम नव्हतं."

"बरं," तो म्हणाला आणि बसला. चुलीपुढचं त्याला काही येत नव्हतं, तरी त्याने चहा केला. साखर घालायची राहिली. साळूबाई सगळा प्याली.

पाय दिवाळीच्या आधी बरा झाला. ती वॉकर घेऊन ओट्यापर्यंत येऊ लागली. सावळीराम मात्र दुपारची भाकरी शेडवर न नेता घरीच येऊन खातो. कोणी विचारलं तर सांगतो, शेडमध्ये माशा फार झाल्यात.