दिव्याची खोट

सौदा जमला तर राधाकृष्णरावांच्या दारात जुनी का होईना, मारुती उभी राहणार होती. निवृत्त झाल्यापासून हिंगोलीच्या एसटी स्टँडवर ताटकळून त्यांचे पाय आणि स्वभाव दोन्ही वाकडे झाले होते.

कनेरगाव नाक्यावर जगनच्या ढाब्यात गल्ल्याशेजारी एक उंच पितळी दिवा होता. तीन वाकड्या दांड्या, त्यांवर लाल, पिवळी, काळी अशा पत्र्याच्या टोप्या. धरणाच्या कामावर आलेल्या परदेशी साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा जगनच्या बापाने तो एका बाजेबरोबर उचललेला. दोन हजार चारच्या दिवाळीत तिथे जेवायला थांबलेल्या मुकुलचा घास तो दिवा बघून हातातच राहिला. राधाकृष्णरावांचा हा पोरगा मुंबईत जुन्या दिव्यांचा धंदा करी.

"बाबा, इटलीचा आहे! पन्नास-पंचावन्न सालचा!" बाहेर येऊन तो कुजबुजला. "मूळ रंग आणि बुडाची कारखान्याची चिठ्ठी शाबूत आहे, किंमत त्यालाच. माझी जीन्स बघून हे भाव चढवतील. तुम्ही घ्या, गाडी माझ्याकडून."

"वांग्यापासून प्लॉटपर्यंत घासाघीसच करत आलोय मी!"

आठ दिवसांनी राधाकृष्णराव ढाब्यावर आले. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा ठेवून ते दिव्यात खोट काढायला बसले.

"रंगाचे पोपडे उडालेत, जगन."

"उजेड बराबर पडतो, काका."

"आणि पितळ किती काळं! बुडाला ही कसली घाणेरडी चिठ्ठी? दारूच्या बाटलीवरची दिसते."

जगनची आई धुरपताबाई भाकरी थापता थापता हसली. "एवढी खोट हाय तं घेता काहून?"

"आमच्या सरोजिनीचा हट्ट, दुसरं काय!"

आठशेवर सौदा ठरला. शंभर इसार देऊन, उद्या जीप आणतो म्हणून राव निघाले. वाटेत मारुतीचा रंगसुद्धा ठरला.

दुसऱ्या दिवशी दिवा ढाब्याच्या दारातच झळकत होता. तिन्ही टोप्या चंदेरी, पितळ चिंचेने घासून लख्ख, बूड खरवडून स्वच्छ. मधल्या टोपीवर ट्रक रंगवणाऱ्या पेंटरने दोन कमळं काढून मध्ये लिहिलं होतं: 'सौ. सरोजिनीकाकू'.

"तुमी खोट काढली, आमीबी काढली," धुरपताबाई कौतुकाने म्हणाली. "बाईमाणसाच्या घरी जायची वस्तू. नाव ठेवायला जागा न्हाई पाहिजे."

रावांनी बुडाला चिठ्ठी शोधली; तिचा मागमूसही नव्हता. इसार दिलेला, त्यात बायकोचं नाव घातलेलं. मागे फिरायला तोंड कुठे होतं?

"रंगाचे किती?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"काका, लाजवता काहून?" जगनने हात जोडले.

घरी सरोजिनीबाई हरखल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण नवऱ्याने नाव घालून वस्तू आणली ती ही पहिलीच. फोनवर मुकुल ओरडला, "मूळ रंग गेला, चिठ्ठी गेली, आता गाडी विसरा!"

दिव्याचे आठशे आणि जीपचे दोनशे राधाकृष्णरावांनी भरले, कमळांसकट रंगाचे जगनने, आणि मारुती गेली रावांच्या जिभेच्या खाती.